वेबसाईटचे दप्तर कोणाच्या ताब्यात?

संस्थेची वेबसाईट तयार होते, उद्घाटन होते, हारतुरे होतात. पण ती ज्या कोडवर चालते त्याची प्रत कोणाकडे आहे, असे विचारले की पदाधिकारी एकमेकांकडे पाहतात. प्रत असते एखाद्या तरुण कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर. तोच थेट सर्व्हरवर नवी फाईल चढवतो, जुनी पुसली जाते. उद्या त्याला बाहेरगावी नोकरी लागली की वेबसाईट बेवारस! कोणी, केव्हा, काय बदलले याचा कागदच नाही.

हे दप्तर ठेवण्याचे साधन म्हणजे गिट. ते लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिहिले. त्याआधी लिनक्सचे काम बिटकीपर या एका खासगी कंपनीच्या साधनावर चालत होते. कंपनीने मोफत वापराची सवलत काढून घेतली आणि जगभरचे लिनक्सकर्ते अडचणीत आले. म्हणून गिटची रचनाच अशी की, प्रत घेणाऱ्या प्रत्येकाकडे संपूर्ण इतिहास असतो. प्रत्येक बदलासोबत नाव, वेळ आणि कारण नोंदले जाते. प्रत्येक नोंदीत मागील नोंदीचा ठसा गुंफलेला असतो. मधले पान कोणी बदलले तर पुढचे सर्व ठसे बदलतात आणि इतरांच्या प्रतींशी जुळत नाहीत. नाव मात्र ज्याने त्याने स्वतः भरायचे असते. पुराव्याला तेवढे पुरत नाही. त्यासाठी डिजिटल सहीची सोय आहे, ती वापरावी.

सर्व्हरवर हाताने फाईल चढवणे बंद केले पाहिजे. दुसऱ्याने तपासून मंजूर केलेली नोंदच सर्व्हरवर जावी. बिघाड झाला तर मागील नोंदीवर परतता येते. पासवर्ड मात्र त्यात कधीही टाकू नये. नंतर खोडला तरी जुन्या नोंदीत तो राहतोच. सभासदांची माहिती असलेला डेटाबेसही यात येत नाही, त्याची प्रत वेगळी ठेवावी लागते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. सुमारे सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कोड वेगळा ठेवलेला होता, तो वाचला.

आणखी एक गैरसमज. गिटहब म्हणजे गिट नव्हे. ती २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीची सेवा आहे. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराणमधील अनेकांची खाती तिथे अडवली गेली. ज्यांच्या संगणकावर प्रत होती, त्यांचे काम त्यांच्याकडेच राहिले.

तेव्हा पदाधिकाऱ्यांनी पुढच्या बैठकीत ठराव करावा: खाते संस्थेच्या नावे, अधिकार किमान दोघांकडे आणि एक पूर्ण प्रत कार्यालयातील संगणकावर.