वशिला नसलेल्यांचे दार

पेण आणि रोह्याच्या मोहल्ल्यांत सध्या एक प्रश्न लग्नात, दुकानावर, जुम्याच्या नमाजनंतर हमखास कानावर येतो. "काय रे, कॉल आला का?" विचारणारे चाचा आपुलकीनेच विचारतात. उत्तर देणारा मात्र दर वेळी थोडा अधिक खाली बघतो. इंजिनिअरिंग किंवा बीएस्सी आयटी होऊन त्याला एक वर्ष झालेले असते, कुणाला दोन. हातात पदवी आहे, लॅपटॉप आहे, ऑनलाइन कोर्सची दोन-तीन सर्टिफिकेटे आहेत. नोकरी नाही.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या आटत आहेत ही बातमी सगळ्यांसाठी सारखी असली तरी तिची झळ सारखी नाही. गेली पंचवीस वर्षे हे क्षेत्र म्हणजे वशिला नसलेल्यांना उघडे असलेले दार होते. ते अरुंद होऊ लागले की सर्वांत आधी तेच बाहेर राहतात. म्हणून या संकटावर प्रत्येकाने आपापल्या खोलीत बसून कोडिंगचा सराव वाढवणे, एवढा उपाय पुरणार नाही.

आधी आकडे पाहू. नॅसकॉम या उद्योग संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१-२२ या वर्षात भारतीय आयटी क्षेत्रात सुमारे ४.५ लाख माणसांची निव्वळ भर पडली होती. २०२३-२४ मध्ये ही भर सुमारे ६० हजारांवर आली. त्याच वर्षी टीसीएसचे मनुष्यबळ १३,२४९ ने, इन्फोसिसचे २५,९९४ ने आणि विप्रोचे २४,५१६ ने घटले. तीन कंपन्या मिळून जवळपास ६४ हजार. टीसीएस २००४ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हापासून वर्षअखेरीस माणसे कमी झाल्याची ही पहिलीच वेळ. पुढे जुलै २०२५ मध्ये याच कंपनीने सुमारे १२ हजार जणांना, म्हणजे एकूण मनुष्यबळाच्या २ टक्क्यांना, कमी करण्याचे जाहीर केले. त्यात भर मधल्या आणि वरच्या पदांवर होता. म्हणजे नव्यांना आत येणे अवघड झाले आहे आणि आतल्यांनाही खुर्चीची खात्री राहिलेली नाही.

हे का झाले? करोनाच्या काळात जगभर सगळे ऑनलाइन झाले आणि कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त भरती केली. २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर वाढले, तिथल्या ग्राहक कंपन्यांनी खर्चाला कात्री लावली आणि इथले प्रकल्प थांबले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आले. तेव्हापासून कोड लिहिणारी साधने दर काही महिन्यांनी अधिक हुशार होत आहेत. आपल्या कंपन्यांचा धंदा बराचसा "इतकी माणसे, इतके तास" या हिशेबावर चाले. तो हिशेबच आता ग्राहक नव्याने मांडू लागले आहेत.

यातला सर्वांत मोठा फटका पहिल्या पायरीला बसला आहे. पेणकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. गणपतीच्या कारखान्यात नवा मुलगा पहिल्या दिवशी डोळ्यांची आखणी करत नाही. तो आधी माती मळतो, साच्यातून काढलेल्या मूर्तीवर हात फिरवतो, घासकाम करतो. मग रंग. आखणीचा ब्रश हातात यायला काही वर्षे जातात. सॉफ्टवेअरमध्येही तसेच होते. टेस्टिंग, लहानसहान चुका दुरुस्त करणे, जुना कोड जपणे, अहवाल तयार करणे ही कामे करता करता पोरगा शिकायचा, आणि शिकत असताना त्याला पगार मिळायचा. हीच कामे आता यंत्राकडून करून घेणे स्वस्त पडते. कंपनी म्हणते, आम्हाला आखणी येणारा माणूस द्या. माती मळायला न देता आखणीवाला तयार कुठे होणार, याचे उत्तर तिला द्यावे लागत नाही. ते पोराच्या घरच्यांना द्यावे लागते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. सॉफ्टवेअर क्षेत्र फार न्यायी होते, असे मी म्हणत नाही. पण हजारोंच्या संख्येने भरती करायची तर कंपन्यांना ओळखीपाळखीवर चालून भागत नव्हते. परीक्षा घ्यावी लागे. टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षेला कुठल्याही कॉलेजचा विद्यार्थी बसू शकतो. लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातला असो, नवीन पनवेलच्या अंजुमन-इ-इस्लामच्या काळसेकर कॅम्पसमधला असो, परीक्षा सारखी. पुढे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात एक प्रयोग केला होता. वेगवेगळ्या आडनावांचे बनावट अर्ज त्यांनी खऱ्या नोकऱ्यांसाठी पाठवले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत दलित, आदिवासी व ओबीसी अर्जदारांशी भेदभाव झाल्याचा पुरावा मिळाला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र फरक दिसला. ज्या कामात हुनर मोजता येते तिथे नाव कमी आड येते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

त्याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. लेड बाय फाउंडेशनने २०२२ मध्ये एक हजार नोकऱ्यांसाठी एकाच पात्रतेचे दोन-दोन अर्ज पाठवले, एक हिंदू मुलीच्या नावाने आणि एक मुस्लिम मुलीच्या. पहिलीला २०८ ठिकाणांहून प्रतिसाद आला, दुसरीला १०३. बायोडेटा तोच होता.

घाऊक भरती आटली की नोकरी पुन्हा ओळखीकडे सरकते. जागा चार आणि अर्ज चार हजार असले की एचआरवाले सगळे अर्ज वाचत बसत नाहीत. ज्याचे नाव आतल्या माणसाने सुचवले, म्हणजे ज्याचा रेफरल आहे, त्याचा अर्ज आधी उघडला जातो. ऐरोली किंवा हिंजवडीत ज्यांचे काका, मामा, वर्गमित्र आधीच बसलेले आहेत त्यांना हा बदल जाणवतही नसेल. रोहा-दिवा मेमूने पनवेलला उतरून मुलाखतीला जाणाऱ्या, घराण्यातल्या पहिल्याच इंजिनिअरला तो पुरता जाणवतो.

मुलींच्या बाबतीत तर वेळच हातात नसतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत मुलीने नोकरी करावी की नाही या वादात सॉफ्टवेअरने मुलींची बाजू भक्कम केली होती. पगार बरा, ऑफिस सुरक्षित, आणि करोनानंतर तर घरूनच काम. आता मोठ्या कंपन्यांनी पुन्हा ऑफिसात बोलावले आहे आणि पहिली नोकरीच मिळेना. मुलगा दोन वर्षे प्रयत्न करत राहिला तर "लागेल हळूहळू" म्हणतात. मुलगी सहा महिने घरी बसली की स्थळे येऊ लागतात. पुढच्या वर्षी बाजार सुधारला तरी तोवर त्या मुलीचे नाव रांगेतून गेलेले असेल. या मंदीत आपण सर्वांत आधी काय गमावू, तर मोठ्या कष्टाने शिकलेल्या मुलींची ही पिढी.

अशा वेळी दोन सल्ले सर्रास मिळतात. पहिला, "सोड ते कॉम्प्युटर, आखातात जा." आखाताने आपली घरे बांधली, हे खरे. पण १९९० मध्ये कुवेतहून अंगावरच्या कपड्यांनिशी परतलेली माणसे आणि २०११ नंतर सौदीच्या निताकत नियमांनी धास्तावलेली कुटुंबे हीदेखील आपल्यातलीच. एका टोपलीतून उठून दुसऱ्या टोपलीत बसल्याने सुटका होत नाही. दुसरा सल्ला, "आणखी एक कोर्स कर." शंभर टक्के नोकरीची हमी देणारे क्लास आणि पैसे भरून मागच्या दाराने ऑफर लेटर देणारे दलाल अशाच काळात फोफावतात. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो, हे घराघरांत ठासून सांगायला हवे.

मग करायचे काय? उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. आजोबांच्या पिढीतला कोकणी मुलगा जहाजावर काम शोधायला मुंबईला जाई, तेव्हा त्याच्यापाशी शिक्षण नसे. पण अनेक गावांच्या जमातीची मुंबईत एक खोली असे. तिथे पथारी टाकायला जागा मिळे, कोणत्या कंपनीत भरती आहे याची खबर मिळे, आणि जहाजावरून परतलेला माणूस नव्याला चार गोष्टी शिकवी. कमावता झाला की तोही खोलीसाठी वर्गणी देई. आपल्या शिकलेल्या पिढीपाशी आज अशी खोली नाही. प्रत्येक जण एकटाच अर्ज करतो आणि एकटाच नकार पचवतो.

ती खोली आता मोबाइलवरही उभी राहू शकते. पेण आणि रोहा तालुक्यांतले किती जण आज आयटीत आहेत, कोणत्या कंपनीत, कोणत्या कामात, याची यादी करणे हे एका महिन्याचे काम आहे. त्यातल्या प्रत्येकाने वर्षाला दोघांचा बायोडेटा तपासून पुढे पाठवायचा आणि दोघांची खोटी मुलाखत घेऊन त्यांना खऱ्या मुलाखतीसाठी तयार करायचे, एवढे ठरवले तरी चित्र बदलेल. याला वशिला म्हणू नका. रेफरलने फक्त अर्ज उघडला जातो. परीक्षा पोरालाच द्यावी लागते. ही यादी फक्त आपल्या मोहल्ल्यापुरती ठेवू नये, हेही सांगतो. आगरी, कोळी, बौद्ध, मराठा घरांतली पहिल्या पिढीची मुले याच मेमूत आपल्या शेजारी उभी असतात.

दुसरे, कामाची व्याख्या थोडी रुंद करू. धाटावच्या एमआयडीसीतले रासायनिक कारखाने, डोलवीचा पोलाद प्रकल्प, न्हावा-शेवाचे बंदर, ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ, सगळे आपल्याच जिल्ह्यात. तिथेही संगणक चालतो, पण तिथे कोडच्या जोडीला यंत्राची, मालाची, सुरक्षेची जाण लागते. ज्याला पायथन येते आणि कारखान्याचा व्हॉल्व्ह कसा चालतो तेही कळते, त्याची जागा यंत्राला सहज घेता येणार नाही.

तिसरे, मागण्या. प्रत्येक कॉलेजने किती मुलांना, कोणत्या पगाराची नोकरी लागली हे तपासता येईल अशा रीतीने जाहीर करावे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जदारांना या मंदीच्या काळात परतफेडीसाठी जादा मुदत मिळावी. कंपन्यांनी सुरुवातीच्या छाननीत नाव झाकून अर्ज वाचावेत. यातली एकही मागणी खैरातीची नाही.

आणि घरच्यांना एक विनंती. मुलाला जेवढा वेळ द्याल तेवढाच मुलीला द्या. रोजचा "कॉल आला का?" थोडे दिवस थांबवा. त्याऐवजी, आयटीत असलेल्या तुमच्या नात्यातल्या कुणाचा नंबर असेल तर तो त्या पोरीला, त्या पोराला द्या, आणि आधी स्वतः एक फोन करून सांगा की ही आपली मुले आहेत, यांचा अर्ज एकदा वाचून बघ.