इनडायरेक्टली म्हणजे नक्की काय हो?

आमच्या खान्देशात आता हुंडा कोणी मागत नाही. खरंच सांगतो. अमळनेरपासून शिरपूरपर्यंत कुठल्याही बैठकीत जाऊन बसा, मुलाकडचा वडीलधारा माणूस पहिलं वाक्य हेच टाकणार, "आमचं काही मागणं नाही." मग चहा येतो, आणि पुढचं सगळं इनडायरेक्टली सुरू होतं.

हा शब्द आता मराठीच झालाय म्हणा ना. शब्दकोशातलं 'अप्रत्यक्षपणे' बोलताना कोणी वापरत नाही. पण आपल्याकडे 'पर्यायाने' होता, 'आडून' होता, आणि दोघांत फरक होता. कपाशी बुडाली की पर्यायाने जिनिंगवालाही बसतो, यात कोणाचा डाव नाही. आडून मागण्यात मात्र डाव असतो. इनडायरेक्टली म्हटलं की दोन्ही एकाच पोत्यात! म्हणूनच तो एवढा आवडता.

आम्हा प्रोग्रॅमरना ही भानगड ओळखीची आहे. पॉइंटरमध्ये किंमत नसते, किंमत कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता असतो. "पुण्यात फ्लॅट बुक केलाय, हप्ता जरा जड जातो," या वाक्यात तरी रक्कम कुठे आहे? "थोरल्याला तिकडच्यांनी गाडी दिली, आम्ही काही म्हटलं नव्हतं बरं का," यातही नाही. मुलीचा बाप मात्र पत्त्यावर बरोब्बर पोचतो. लेकी बोले सुने लागे, तसं. (आणि सोनं? जळगाव जवळच आहे, त्याचं वेगळं सांगावं लागत नाही.)

गंमत अशी की कायद्याला हे सगळं आधीच माहीत होतं. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंड्याच्या व्याख्येतच 'प्रत्यक्षपणे किंवा अप्रत्यक्षपणे' असे शब्द आहेत. नुसती मागणी करण्याच्या कलमातही तेच. म्हणजे जो शब्द आपण पळवाट म्हणून वापरतो, तो कायद्याने पळवाट बुजवायला घातलाय! तरी वाटा निघतातच. २००७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, की घरखर्चाला किंवा खताला पैसे मागणं म्हणजे हुंडा नव्हे. ते बरोबर नव्हतं हे न्यायालयानेच सांगायला २०१५ उजाडलं. आठ वर्षं!

मला जास्त राग येतो तो आमच्याच जमातीचा. शिकलेले, हिंजवडीत बसून दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढणारे. विचारलं की उत्तर ठरलेलं, "घरच्यांनी ठरवलं रे, मी काही बोललो नाही." अरे, पण गाडी चालवतो कोण? न बोलणं हीच तर तुझी इनडायरेक्ट मागणी.

१९८५ चे नियम सांगतात, की लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करा. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. मी आजवर जळगाव-धुळ्यातली कितीतरी लग्नं जेवलो, ही यादी एकदाही पाहिली नाही. आहेराची वही मात्र प्रत्येक मांडवात असते. दारापाशी टेबल टाकून एक भाऊ बसलेले असतात, आणि त्यात एक्कावन्न रुपयेसुद्धा गावाच्या नावासकट लिहिलेले असतात.