नारळ, देवचार आणि बेतीची फेरीबोट

माझे आजोबा ४६व्या वर्षी गेले. संध्याकाळी शेतातून आले, सोप्यावर बसले, पाणी मागितले आणि पाणी येईपर्यंत सगळे संपले होते. पोर्तुगीज काळ होता. बांधावरचे जुने झाड तोडले म्हणून देवचाराची थाप बसली, असा निवाडा गावाने दिला आणि आमच्या घराने तो मान्य केला.

बारा वर्षांपूर्वी माझा आतेभाऊ गेला, वय ४३. तोपर्यंत देवचाराचा जमाना सरला होता. आता आरोपी ठरला नारळ, आणि नारळाबरोबर तो वाटणारी माणूस. तेराव्याला आलेल्या बायका स्वयंपाकघरात बसून, ऐकू जाईल एवढ्या आवाजात, रोजच्या हुमणाचा आणि वाटपाचा हिशेब मांडत होत्या. वहिनींनी त्यानंतर घरात खोबरे आणलेच नाही.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. मुलगी पंधरा वर्षांची, काडीसारखी. तापासाठी नव्या डॉक्टरांकडे नेली, तर त्यांनी वडील किती वयाचे असताना गेले ते विचारले आणि कोलेस्टेरॉल तपासायला लावले. एलडीएल २४५ निघाले. "भाऊजी, हिने तर घरात खोबरे पाहिलेले नाही. मग हिला कुठून आले हे?"

वहिनींच्या या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वी मिळालेले आहे. ते आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचलेले नाही, ही माझी तक्रार आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकेत डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर एका कोड्यामागे लागले होते. काही मुलांना शाळकरी वयातच हृदयविकाराचा झटका यायचा. त्यांच्या पेशींची तुलना निरोगी पेशींशी करता करता त्यांना पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रिसेप्टर सापडला. रक्तातून फिरणारा एलडीएलचा कण पकडून आत न्यायचा, हे त्याचे काम. १९८५ साली दोघांना नोबेल मिळाले.

हा रिसेप्टर कसा चालतो ते समजायला पणजी-बेती फेरीबोट आठवावी. पेशीच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी खळगे असतात, आतून क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीने मढवलेले. तो धक्का समजा. एलडीएल घेतलेले रिसेप्टर तिथे जमतात, खळगा आत ओढला जातो, त्याची इवलीशी पिशवी होते. आतले वातावरण हळूहळू आम्ल होते आणि त्या आम्लतेने रिसेप्टरची पकड सुटते. उतारू उतरला. एलडीएल पेशीच्या भट्टीत, म्हणजे लायसोसोममध्ये जाते आणि रिकामा रिसेप्टर परत पृष्ठभागावर येतो. एक फेरी सुमारे दहा मिनिटांची. उतारू मिळो न मिळो, फेरी चुकत नाही. एका रिसेप्टरचे आयुष्य साधारण वीस तासांचे, म्हणजे शंभरावर फेऱ्या झाल्या.

सर्वांत जास्त वर्दळ यकृतात. रक्तातले एलडीएल किती राहणार, हे बरेचसे तिथे किती बोटी चालू आहेत यावर ठरते. आई किंवा वडिलांकडून या रिसेप्टरचे एक बिघडलेले जनुक आले, तर निम्म्याच बोटी कामाच्या राहतात आणि उतारू धक्क्यावर तुंबतात. बिघाडही तऱ्हेतऱ्हेचे. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या एका रुग्णाचा रिसेप्टर एलडीएल नीट पकडायचा, पण खळग्याकडे जायचाच नाही. ८३९ दुव्यांच्या साखळीत ८०७वा एक दुवा बदललेला, एवढेच! बोट भरलेली, पण धक्क्याला लागतच नाही. मला तर हे वाचताना आजोबा आठवले.

२००३ साली फ्रान्समधल्या काही कुटुंबांत आणखी एक गोष्ट कळली. पीसीएसके-९ नावाचे प्रथिन रिसेप्टरला चिकटते आणि आत गेल्यावर सुटतच नाही. मग उतारूसकट बोटच भट्टीत जाते. ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच कमी, त्यांच्यात हृदयविकार फार कमी आढळतो, हे २००६मध्ये दिसून आले. त्याला अडवणारी इंजेक्शने २०१५पासून आली. ती महाग आहेत, पण स्टॅटिनची साधी गोळी महाग नाही. ती पेशीतली कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते. मग पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडते आणि ती जास्त रिसेप्टर बनवते.

आता नारळाविषयी. त्याला निर्दोष सोडायचा माझा हेतू नाही. खोबरेल तेलातल्या संपृक्त मेदाने एलडीएल वाढते आणि पथ्य सर्वांनाच हितकारक आहे. पण निम्म्या बोटी जन्मापासूनच बंद असतील तर नुसत्या पथ्याने भागत नाही. आपण मात्र रुग्णाच्या ताटात डोकावतो, त्याच्या बायकोला दोष देतो आणि मुलांचे रक्त तपासायचे विसरतो. हा बिघाड जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. तेच प्रमाण गोव्याच्या पंधरा लाखांना लावले तर सहा हजार होतात. उपचार नसतील तर अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. मुलांना तो वारशाने मिळण्याची शक्यता निम्मी. आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही गोळी देता येते. म्हणून माझे म्हणणे एवढेच की ज्या घरात कोणी तरुणपणी असा गेला असेल, तिथे तेराव्यापूर्वी सख्ख्या भावंडांची आणि मुलांची साधी रक्ततपासणी व्हावी. अन्नदानाहून तिचा खर्च कितीतरी कमी आहे.

आजोबांचे रक्त कोणी तपासले नव्हते. तेव्हा छातीठोकपणे काही सांगता येणार नाही. हा बिघाड आतेच्या यजमानांकडूनही आलेला असू शकतो. मी माझी तपासणी करून घेतली, एलडीएल ११८ आले. वहिनींना हे सगळे फोनवर सांगितले, फेरीबोटीसकट. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वाटपाने नाही गेले ते?" मी नाही म्हटले. आमच्या बेतीच्या बोटीचा उपयोग बारा वर्षे आधी व्हायला हवा होता.

मुलीची गोळी सुरू झाली आहे. माझे थोरले बंधू मात्र तपासणीला तयार नाहीत. "मला काय धाड भरलीय?" म्हणतात. त्यांना दोन मुलगे आहेत. रविवारी मी पुन्हा म्हापशाला जाणार आहे.