पेढीवरील चहाडी

तुरीच्या हंगामात अडत दुकानापुढे उजाडण्यापूर्वीच गाड्या लागतात. दिवाणजी, तोलार, हमाल सारे एकाच छपराखाली दिवस काढतात. तेथे एकाच्या कानात सांगितलेला शब्द दुपारच्या जेवणापर्यंत पेढीभर होतो. दिवाणजीने जमाखर्चात हात मारला, तोलार शेतकऱ्याकडून चहापाणी घेतो, अशी कुजबुज ज्याच्याविषयी चालते त्यास ती सर्वांत शेवटी कळते. आणि कळते तेव्हा जबाब कोणापुढे द्यावा हे त्यास ठाऊक नसते.

अशा चहाडखोरास आवरावे कसे, असे आमचे व्यापारी बंधू पुष्कळदा विचारतात. आमचे उत्तर त्यांस रुचेल असे नाही. चहाडी जगते ती मालकाच्या कानावर. कित्येक पेढ्यांत असा एखादा नोकर हेतुतः जवळ बाळगलेला असतो. निराळा पगार न देता मिळालेला तो हेरच होय.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सत्याणुव्रताचे ५ अतिचार सांगितले आहेत : परिवाद, रहोभ्याख्या, पैशुन्य, कूटलेखकरण आणि न्यासापहार. शेवटचे दोन आम्हां व्यापाऱ्यांच्या पूर्ण परिचयाचे. खोटा लेख करणाऱ्यास वा ठेव गिळणाऱ्यास आपण दुसऱ्या दिवशी गादीजवळ उभे करीत नाही. परिवादाचा अर्थ टीकाकार मिथ्योपदेश असा करतात, तो वाद येथे नको. परंतु दुसऱ्याचे गुपित फोडणे आणि चहाडी करणे ही आचार्यांनी त्याच पंक्तीस बसविली आहेत. खोटी खतावणी न खपवणारा मालक खोटी कुजबुज मात्र चवीने ऐकतो, हे कोणत्या न्यायाने?

चाकरीतील भय कडगंचीस नवे नाही. गुरुचरित्राच्या १४ व्या अध्यायातील सायंदेव याच गावचे. क्रूर यवन धन्याचे बोलावणे येताच त्यांनी गुरूंचे पाय धरले. आमच्या गुमास्त्याने कोणाचे धरावे? त्याचा न्यायाधीश आणि अन्नदाता एकच, आणि त्याचा कान आधीच भरलेला.

म्हणून चहाडी घेऊन येणाऱ्यास मालकाने एवढेच विचारावे, "त्यास येथे बोलावू काय?" पुष्कळ गोष्टी तेथेच विरतात. जी विरत नाही ती खरीही असू शकेल. तिचे तारीखवार टिपण करावे, दोघांस समोरासमोर ऐकावे, वही तपासावी. आरोप खोटा ठरल्यास ज्यांच्यापुढे तो केला त्यांच्यापुढेच मागे घेववावा. हंगामात यास वेळ कोठून आणावा, असे कोणी म्हणेल. वही जुळविण्यास वेळ मिळतोच ना?

हल्ली पेढ्यांवर संगणकावर हिशेब लिहिणाऱ्या मुली आहेत. त्यांच्याशी होणारी अश्लील थट्टा व लगट केवळ समज देऊन मिटविण्याची बाब नव्हे. १९९७ च्या विशाखा निकालानंतर २०१३ साली स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. १० वा अधिक माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असल्यास, अथवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत सामान्यतः ३ महिन्यांची. 'आमचे दुकान लहान, आम्हांस कायदा नाही' ही समजूत चुकीची आहे. संघाने त्या समितीचा पत्ता छापून प्रत्येक सभासदास द्यावा, आणि तो गादीच्या मागे न लावता, मुली डबा खातात तेथे लावावा, अशी आमची सूचना आहे.