सरावाच्या अभावी

शाळेच्या वार्षिक अहवालासाठी माझ्याकडून फुटबॉलवर चार ओळी मागितल्या गेल्या. मी लिहून दिल्या. ‘यंदा आमच्या सतरा वर्षांखालील संघाने जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत सहभाग घेतला. खेळाडूंनी जिद्दीने खेळ केला. परंतु सरावाच्या अभावी पहिल्याच फेरीत पराभव पत्करावा लागला. पुढील वर्षासाठी खेळाडूंना शुभेच्छा.’ अहवाल छापायला गेला, मी घरी आलो. पण ती तिसरी ओळ काही डोक्यातून जाईना.

मी भाषेचा शिक्षक आहे. उर्दूही शिकवतो, मराठीही शिकवतो. ‘वाक्यातील कर्ता ओळखा’ हा प्रश्न फळ्यावर लिहून लिहून माझे हात खडूने पांढरे झालेत. आणि मीच लिहिलेल्या या वाक्यात कर्ता नाही. सराव कोणी केला नाही? की कोणी करू दिला नाही? वाचणाऱ्याला वाटणार, पोरांनीच केला नसेल. आजकालची पोरं, दिवसभर मोबाईल! म्हणजे अहवालातला दोष मी गुपचूप त्या अकरा पोरांच्या खात्यावर टाकला आणि हात झटकले.

उर्दूत मुहासबा असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ हिशेब, पण दुसऱ्याकडून मागायचा नव्हे, स्वतःचा स्वतःला द्यायचा. हंगाम संपला की प्रशिक्षकाने असा हिशेब द्यावा. म्हणून हा दुसरा अहवाल लिहितोय. तो शाळेच्या अंकात छापला जाणार नाही.

आधी प्रशिक्षकाविषयी. मी बी.एड. झालोय, बी.पी.एड. नाही. आमचे शारीरिक शिक्षणाचे सर निवृत्त झाले, ती जागा भरली गेली नाही. एके दिवशी स्टाफरूममध्ये क्रीडा साहित्याच्या कपाटाची किल्ली आणि एक शिट्टी माझ्या हातात ठेवली गेली. कारण काय, तर ‘तुमचं पोरांशी जमतं.’ ऑफसाइडचा नियम मी यूट्यूबवर शिकलो. मोहोळ आणि आसपासच्या तालुक्यांत चौकशी करा, निम्म्या शिट्ट्या अशाच कुणाच्या तरी गळ्यात पडलेल्या सापडतील.

आता खेळाडू.

आमचा गोलकीपर दहावीत आहे. सामन्यात त्याने पाच गोल खाल्ले. परतताना एसटीत एकानेही त्याला दोष दिला नाही, तरी तो मोहोळ येईपर्यंत, पस्तीसेक किलोमीटर, खिडकीबाहेर बघत बसला. त्या पाचपैकी तीन गोल त्याच्या डोक्यावरून गेले होते. का गेले, ते मला नंतर उमगलं. आमच्या मैदानावर गोल म्हणजे दोन विटा. मध्ये सहा-सात पावलांचं अंतर. खरा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो. आमच्या गोलला उंचीच नाही. चेंडू डोक्यावरून गेला की ‘वरून गेला, वरून गेला’ असा ओरडा करून आम्ही तो बाद धरतो. म्हणजे वर उडी मारायची गरज या मुलाला आयुष्यात कधी पडलीच नव्हती. आयुष्यातला पहिला खरा गोल त्याने पाहिला तो सामन्याच्या दिवशी, आणि तोही पाठीमागे उभा असलेला. हातात वडिलांचे मोटारसायकलचे हातमोजे. सरावाचा अभाव त्याचा नव्हता. दोन खांब आणि एक आडवी नळी यांचा अभाव होता. फॅब्रिकेशनच्या दुकानात दोन दिवसांचं काम. ते कुणी करून घेतलं नाही.

डाव्या पायाचा एक मुलगा आहे, नववीत. अनवाणी खेळताना चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यासारखा राहतो. पण फुटबॉलच्या नियमांत पायात बूट आणि नडगीला शिनगार्ड सक्तीचे आहेत. नियम बरोबर आहे, त्यात मुलाचीच सुरक्षितता आहे. शेजारच्या दादाचे एक नंबर मोठे बूट, पुढे फडकं कोंबलेलं, मोज्यात वहीच्या पुठ्ठ्याचे तुकडे. अशा अवस्थेत तो खेळला. मध्यंतराला मला म्हणाला, “सर, पाय माझा वाटंना.” त्याचा खेळ बघायला आलेल्या कुणालाही तो सामान्य खेळाडूच वाटला असेल.

कॅप्टन खेळलाच नाही. शाळेच्या रजिस्टरमधली जन्मतारीख आणि आधारवरची जन्मतारीख जुळेना. वयाच्या पडताळणीत नाव वगळलं गेलं. तो रेषेबाहेर उभा राहून नव्वद वेळा तरी ओरडला असेल, “मागे या, मागे या!” तारखेतला फरक मला जूनमध्येच दिसला होता. दुरुस्तीचा अर्ज देऊ, देऊ म्हणता पावसाळा गेला. इथे कर्ता शोधायला लांब जायला नको. कर्ता मी.

आणि एक मुलगी होती, आठवीतली. संघात तिचं नाव नव्हतं, कारण मुलींचा संघच नव्हता. पण तीन महिने ती सरावाला आली आणि मुलांइतकीच पळाली. मग यायची थांबली. स्टाफरूममध्ये लगेच निकाल लागला, “तुमच्या समाजात मुलींना खेळू देत नाहीत ना सर.” मी तिच्या घरी गेलो. आई दारातच बोलली, “भेजती मैं. पर मैदान पे कोई मॅडम है क्या? कपड़े किधर बदलना? मगरिब के पैले घर को कौन छोड़ता?” तीन प्रश्न. यातल्या एकालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरीला बाहेर ठेवलं ते आईने की या तीन प्रश्नांनी?

समाजाची बाजू घेऊन मी हे प्रकरण झाकणार नाही. आमच्यातही असे लोक आहेत ज्यांना मुलगी पळताना दिसली की धर्म धोक्यात आल्यासारखं वाटतं, आणि मुलगा पानटपरीवर तासन्‌तास बसला तरी काही वाटत नाही. त्यांच्याशी माझं भांडण जुनं आहे. पण मुंब्र्याचं उदाहरण बघा. तिथे 2012 पासून ‘परचम’ या संस्थेच्या सबाह खान आणि त्यांच्या सोबतिणींनी मुलींचा फुटबॉल उभा केला. परचम म्हणजे झेंडा. मुस्लिम मुली, इतर धर्मांच्या मुली, सगळ्या एका संघात. कुणी हिजाब घालून खेळली, कुणी न घालता. त्यांनी पहिली लढाई कुठल्या फतव्याशी केली नाही, ती मैदानासाठी केली. मुलींना खेळायला जागा राखून मिळावी म्हणून सह्या गोळा केल्या. जागा आणि सोबत मिळाली, मुली आल्या. ‘घरचे पाठवत नाहीत’ हे अनेकदा अर्धं सत्य असतं. उरलेलं अर्धं आपण सांगत नाही, कारण त्याचा कर्ता आपण असतो.

असं काही बोललं की मला हटकून एक उत्तर मिळतं. “सर, झुंड बघा. विजय बारसेंनी काय होतं हाताशी? इच्छा असली की सगळं होतं. प्रत्येक शाळेला एक बारसे पाहिजे.” ‘झुंड’ 4 मार्च 2022 ला आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्यामुळे आमच्याकडे तो जरा जास्तच अभिमानाने पाहिला गेला. मीही पाहिला, रडलोही. पण त्यातून काढला जाणारा हा धडा मला मान्य नाही.

विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी पोरांना चेंडू दिला. 2001 मध्ये झोपडपट्टी फुटबॉल स्पर्धा भरवली, पहिल्याच वर्षी 128 संघ आले. पुढे हीच मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेली. निवृत्तीनंतर मिळालेला पैसाही बारसेंनी याच कामात घातला. माणूस मोठा, यात वाद नाही.

पण जरा थांबून विचार करा. 128 संघ म्हणजे हजाराहून अधिक मुलं. एका माणसाने चेंडू पुढे केला आणि इतकी मुलं धावत आली. म्हणजे जिद्द, आवड, ताकद हे सगळं तिथे आधीपासून होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं. बारसेंची गोष्ट एका माणसाच्या त्यागाची आहे, तशी ती बाकी सगळ्यांच्या गैरहजेरीचीही आहे. एका शिक्षकाला निवृत्तीची पुंजी मोडावी लागली, याचा आपल्याला अभिमान का वाटतो? लाज का वाटत नाही? ‘प्रत्येक शाळेला एक बारसे पाहिजे’ याचा सरळ अर्थ असा, की प्रत्येक शाळेत एक संत यावा, म्हणजे संस्थेला, सरकारला, पालकांना आणि गावाला काही करायला नको. संताच्या भरवशावर शाळा चालत नाही. शाळा वेळापत्रकावर चालते.

कायदाही आपल्याकडे आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असावं असं लिहिलंय. खेळाचं साहित्य असावं असं लिहिलंय. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा, हेही लिहिलंय. कुणाच्या मेहरबानीची गोष्ट नाही ही. नववी-दहावीला शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे. आपण काय करतो? पी.टी.चा तास गणिताला देतो आणि वर्षअखेरीस सगळ्यांना ‘अ’ श्रेणी भरतो. मैदानावर पाऊल न टाकलेल्या मुलालाही ‘अ’, आणि अनवाणी खेळून तळपाय सोलून घेतलेल्यालाही ‘अ’. हा खोटेपणा आम्ही शिक्षक करतो, आमच्याच हाताने, आमच्याच पेनाने.

2017 आठवतंय? ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यभर ‘मिशन वन मिलियन’ साजरं झालं. एका दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा. शाळांना फुटबॉल वाटले गेले, फोटो निघाले. कल्पना वाईट नव्हती. पण चेंडू एका दिवसात वाटता येतो. मैदान आणि शिक्षक रोज द्यावे लागतात. चेंडूतली हवा जायला फार दिवस लागत नाहीत, आणि पंप कपाटात असला तरी पिन हरवलेली असते.

कुणी म्हणेल, आपला खेळ कबड्डी, खो-खो. फुटबॉलचं कशाला कौतुक? ठीक आहे, वाक्यातला फुटबॉल काढा आणि कबड्डी घाला. ‘सरावाच्या अभावी’ तसंच राहतं. कुणी म्हणेल, आधी पोरं दहावी पास होऊ द्या. बरोबर. पण आमचा तो डाव्या पायाचा मुलगा शाळेत रोज येत होता तो संध्याकाळच्या चेंडूसाठी. हंगाम संपला, सराव बंद झाला, आणि दिवाळीनंतर तो मामाच्या ट्रॅक्टरवर ऊस वाहतुकीला जाऊ लागला. आमच्या तालुक्यात हंगाम म्हटलं की लोकांना उसाचाच आठवतो. त्या हंगामाचं नियोजन बघा, कुठल्या फडात कोणती टोळी, कुठला ट्रॅक्टर, सगळं आधी ठरलेलं. पोरांच्या हंगामासाठी त्याच्या शंभरावा हिस्सा डोकं लावलं असतं, तरी तो मुलगा आज माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला असता.

म्हणून पुढच्या वर्षीसाठी शुभेच्छा देत नाही. कामं लिहितो. जूनमध्येच सगळ्यांच्या जन्मतारखा तपासून दुरुस्तीचे अर्ज देणं, हे माझं काम. दोन गोल उभे करून घेणं, पैसे नसतील तर माजी विद्यार्थ्यांकडे आणि गावाकडे हात पसरणं, हे माझं आणि संस्थेचं काम. पी.टी.चा तास पी.टी.लाच ठेवणं, हे गणिताच्या सरांसकट सगळ्या स्टाफरूमचं काम. संध्याकाळी मैदानावर एक बाई आणि मुलींसाठी एक बंद दाराची खोली, हे शाळेचं काम. आणि मुलगी मैदानात दिसली की नजर खाली करून पुढे निघून जाणं, बोभाटा न करणं, हे मोहल्ल्याचं काम. रिकामी जागा भरणं सरकारचं काम, त्यासाठी अर्ज करत राहणं पुन्हा आमचं.

तुम्ही जिथे राहता, तिथल्या शाळेचा अहवाल हातात पडला तर खेळाचं पान जरूर वाचा. ‘सरावाच्या अभावी’ दिसलं की शाळेत जाऊन विचारा, मैदान कुठाय, खेळाचे सर कोण, मुली कुठायत? भांडू नका, नुसतं विचारा. चहा पाजतील.

माझी ती ओळ आता मी अशी लिहितो : आम्ही मोठ्यांनी त्यांना गोल दिला नाही, बूट दिले नाहीत, कॅप्टनचा कागद वेळेत केला नाही, मुलींना जागा दिली नाही. तरीही अकरा मुलं शेवटच्या शिट्टीपर्यंत पळत राहिली.