थारचा नवा चेहरा आणि परभणीची जुनी जीप

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे अभिमानाने सांगणाऱ्या जिल्ह्यात मोटारींचा विषय निघाला की बोलणे मात्र जर्मनीपाशी थांबत नाही. ते जीपवर येते. गंगाखेड, जिंतूर वा पाथरीच्या रस्त्यावर कापडी टपाच्या कोणत्याही दणकट गाडीला लोक 'जीप'च म्हणत आले. ती कोणत्या कंपनीची, हा प्रश्न गौण असे. ही जीप मूळची अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांसाठी घडवलेली. महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात विलीज जीपची जुळणी केली आणि अमेरिकेचे हे वाहन भारतीय होऊ लागले. पुढे एमएम ५४०, कमांडर अशी तिची अनेक रूपे आली आणि २०१० मध्ये 'थार' अवतरली. या थारचा कायापालट झाल्यानंतर तिच्या चाहत्यांमध्ये उठलेला कल्लोळ अद्याप पुरता शमलेला नाही. वरवर पाहता हा हौशी मंडळींचा वाद वाटेल. परंतु त्यातून उभा राहणारा प्रश्न मराठवाड्याच्या रस्त्यांशी थेट निगडित आहे.

प्रथम काय बदलले ते पाहू. नाशिकला तयार होणाऱ्या नव्या थारचे रूप १५ ऑगस्ट २०२० रोजी समोर आले आणि २ ऑक्टोबर रोजी ती बाजारात दाखल झाली. रामकृपा अनंतन यांच्या नेतृत्वाखाली तिचा आराखडा तयार झाला होता. गाडी आधीपेक्षा लांब-रुंद झाली. मागचे पाटे जाऊन गुंडाळीच्या स्प्रिंग आल्या, कापडी टपाबरोबर पक्क्या छताचा पर्याय मिळाला, पेट्रोल इंजिन आणि स्वयंचलित गिअर आले, पुढे एअरबॅगही आल्या. जुन्या थारमध्ये यांपैकी जवळजवळ काहीच नव्हते.

चाहत्यांचे समाधान मात्र झाले नाही. पुढची जाळी आत दबलेली आणि निर्जीव वाटते, ही पहिली तक्रार. अनेकांनी गाडी घरी आणताच ती जाळी काढून बाजारात मिळणारी दुसरी बसवली. गाडी अमेरिकेच्या रँग्लरची नक्कल आहे, ही दुसरी तक्रार. ती शहरी आणि गुळगुळीत झाली, खडबडीतपणा हरवला, ही तिसरी. जानेवारी २०२३ मध्ये केवळ मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार आली, तेव्हा 'चारही चाके न फिरवणारी ती थार कसली', असा सूर उमटला. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची 'थार रॉक्स' आली आणि तिच्या पांढऱ्या आसनांची यथेच्छ टवाळी झाली. ही टवाळी परभणीकरांना चटकन पटावी. काळ्या मातीच्या मुलखात एका पावसानंतर शेतातून परतलेल्या माणसाने पांढऱ्या आसनावर बसायचे तरी कसे? कंपनीने पुढे गडद तपकिरी आसनांचाही पर्याय दिला.

अशा नाराजीत नवे काही नाही. १९८६ मध्ये खुद्द अमेरिकेत जीपला गोल हेडलाइटऐवजी चौकोनी दिवे बसवण्यात आले, तेव्हा तेथील चाहते खवळले होते. १९९६ मध्ये नव्या रँग्लरबरोबर गोल दिवे परत आले. शेव्हरोले कॉर्व्हेट ही अमेरिकेची मानबिंदू ठरलेली स्पोर्ट्स कार. २०१३ च्या प्रारंभी तिच्या नव्या आवृत्तीतून मागचे गोल दिवे गेले, तेव्हाही असाच गहजब झाला. २०१९ मध्ये तर तिचे इंजिनच पुढून काढून आसनांच्या मागे नेण्यात आले. गाडीचा चेहरा बदलला की आपल्या तारुण्यातला एखादा तुकडा कोणी परस्पर हिरावून नेला, असे चाहत्याला वाटते. ही भावना खोटी नसते.

थारच्या बाबतीत या भावनेला एक विनोदी किनारही आहे. ही गाडी अस्सल जीपसारखी राहिली नाही, अशी खंत इकडे व्यक्त होत असताना ती जीपसारखी फारच दिसते, अशी हरकत जीपची मालक कंपनी तिकडे घेत होती. महिंद्रच्या 'रॉक्सर' या गाडीविरुद्ध फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जून २०२० मध्ये आयोगाने रॉक्सरच्या विक्रीला मनाई केली आणि चेहरा बदलल्यानंतरच, त्या वर्षाच्या अखेरीस, मोकळीक दिली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातही थारवरून असाच वाद न्यायालयात गेला. थोडक्यात, चाहत्यांना जो चेहरा हवा तो कायद्याला नको, असा हा पेच आहे.

तथापि, या साऱ्या चर्चेत एका बदलाकडे फारसे लक्ष गेले नाही. २०२० च्या थारमध्ये सुरुवातीला एक सहा आसनी प्रकार होता. त्यात मागे समोरासमोर बाकडी होती, म्हणजे थेट आपल्या जुन्या जीपची बैठक. सुरक्षा चाचणीचा निकाल नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. त्याच सुमारास हा प्रकार बंद करण्यात आला आणि ९ लाख ८० हजारांपासून सुरू होणारी किंमत ११ लाख ९० हजारांवर गेली. समोर तोंड असलेल्या आसनांच्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत ४ तारे मिळाले. पुढे २०२४ मध्ये रॉक्सला भारत एनकॅपमध्ये ५ तारे मिळाले.

त्या बाकड्यांचा अर्थ मराठवाड्याला वेगळा सांगायला नको. एसटीची फेरी चुकली की काळी-पिवळी जीप हाच आधार. त्या बाकड्यांवर गुडघ्याला गुडघा लावून माणसे बसली, मागे फळीवर उभी राहिली, टपावरही चढली. शाळेची पोरे, बाजाराला निघालेल्या बाया, दवाखान्यात न्यायचा रुग्ण, सारे तिच्यातूनच गेले. ना पट्टा, ना एअरबॅग. गाडी उलटली तर आडोसा फक्त कापडाचा. शहरी चाहता ज्याला 'खडबडीत अस्सलपणा' म्हणून हळहळतो, त्याची किंमत या प्रवाशांनी मोजलेली आहे. त्यामुळे नव्या थारमधून ती बाकडी गेली, याचे दुःख करण्याचे कारण नाही. जाळी कशीही असो, पक्के छत आणि एअरबॅग ही सुधारणाच होय.

मात्र खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. जीप सुरक्षित झाली, पण कोणासाठी? रॉक्सची नोंदणी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिल्या तासाभरात १ लाख ७६ हजार २१८ जणांनी गाडी नोंदवली. चाहत्यांच्या नाराजीला बाजाराने दिलेले हे उत्तर पुरेसे बोलके आहे. गाडी आता वाहतुकीचे साधन कमी आणि प्रतिष्ठेचे चिन्ह अधिक झाली आहे. लग्नाची वरात असो वा निवडणुकीचा प्रचार, रांगेत पुढे थार उभी असली म्हणजे यजमानाचे वजन वाढते. काळ्या-पिवळ्या जीपमधला प्रवासी मात्र आपल्या जुन्या बाकड्यावरच बसून आहे.

चाहत्यांचे म्हणणे अगदीच वाया जाते असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन दारांच्या थारला गाडीच्याच रंगाची जाळी मिळाली आणि काचांची बटणे गैरसोयीच्या मधल्या जागेवरून दारावर आली. ग्राहक नेटाने बोलत राहिला की कंपनीला ऐकावे लागते, हा यातला धडा. मग हाच नेट केवळ जाळीच्या रंगापुरता का राहावा? काळ्या-पिवळीत रोज बसणाऱ्या माणसाला आपल्या गाडीची तक्रार मांडायला ना हौस परवडते, ना व्यासपीठ मिळते. त्याच्यासाठी स्वस्त आणि सुरक्षित वाहनाचा आराखडा कोणी केला, तर त्याच्या चेहऱ्याबद्दल गंगाखेडच्या रस्त्यावर कोणीही तक्रार करणार नाही.