शिस्त कोणाची, कल्पना कोणाची?

कला ही व्यक्तीच्या प्रतिभेतून जन्मते. तिला कामाच्या तासांचे आणि कामगार संघटनेचे बंधन घातले की ती गुदमरते, असा युक्तिवाद मालकवर्ग नेहमीच करीत आला आहे. कार्टूनपटांचा इतिहास या युक्तिवादाला चोख उत्तर देतो.

पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. साहजिकच हजारो चित्रे काढणाऱ्या शेकडो हातांना एका शिस्तीत राबावे लागते. अमेरिकेत डिस्ने यांच्या चित्रशाळेत ही शिस्त कारखान्याची होती. कल्पना वरच्यांनी करावी, मधल्या हालचालींची चित्रे कनिष्ठांनी भरावीत, शाई-रंगाचे काम अल्प वेतनावर स्त्रियांनी करावे, अशी तेथील उतरंड. श्रेय मात्र प्रामुख्याने एकाच नावाला. आर्ट बॅबिट हे मोठ्या पगाराचे कलावंत. तरीही ते कनिष्ठांच्या बाजूने उभे राहिले. त्यांना कामावरून काढताच मे १९४१ मध्ये संप पेटला आणि अखेर संघटनेला मान्यता द्यावी लागली. पुढे १९४७ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे या संपाचे खापर कम्युनिस्टांवर फोडले.

संपाने कला बुडाली काय? उलट, डिस्नेतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी यूपीए ही संस्था उभारली आणि गोंडस प्राण्यांचा साचा मोडून सपाट रंगांची, मोजक्या रेषांची नवी शैली घडविली. तिच्या १९५० च्या 'जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग'ला ऑस्कर मिळाले.

जपानचा अनुभव याहून बोलका आहे. इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी हे दोघे तोएई कंपनीच्या कामगार संघटनेत बरोबरीने काम करीत. होरुस या राजपुत्राच्या साहसकथेवरील १९६८ च्या चित्रपटासाठी दिग्दर्शक ताकाहाता यांनी कनिष्ठ चित्रकारांकडूनही कल्पना मागविल्या. मियाझाकी त्यांपैकीच एक. त्यानंतर तोएईसाठी पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित करण्याची संधी ताकाहातांना मिळाली नाही. परंतु १९८५ मध्ये स्थापन झालेला घिबली स्टुडिओ याच सहकार्यातून उभा राहिला.

तेव्हा शिस्त हवी की नको, हा प्रश्नच नाही. ती ठरविणार कोण, आणि रेष ओढणाऱ्याला कथेविषयी बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. केवळ वेतनवाढीने तो सुटत नाही. शिवाय तो फक्त मालकांनाच विचारून भागणार नाही. घोषणा वरून यावी आणि चित्रकाराने ती मुकाट्याने रंगवावी, अशी रीत आपल्या कलापथकांत असेल, तर कारखान्याची उतरंड आपणही जोपासत आहोत. कार्यकर्त्यांनी कलावंताला हुकूम देऊ नये. निर्णय होतो त्या बैठकीत त्याला जागा द्यावी.